चादरीत बांधलेल्या अमेरिकन बायका

आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाईंना कुणी विचारलं, "बाई, अमेरिकेला कधी जाऊन आलात?" की बाई चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि उलट विचारायच्या, "पेशव्यांवर लिहिणारे पेशवाईत जाऊन आलेत का?" विचारणारा गप्प व्हायचा. मी मात्र व्हायचो नाही. मी त्या कॉलेजचा ग्रंथपाल होतो आणि दिवसभर दुसऱ्यांना गप्प बसवून मला बोलायची भूक लागलेली असायची. "बाई, पेशवाई संपलीय. अमेरिका अजून आहे. विमान जातं तिकडं," मी म्हणायचो.

"जाऊ दे की," बाई म्हणायच्या. "मी अडवलंय का?"

बाईंचा विषय होता अमेरिकेतल्या बायकांचा इतिहास. पुढाऱ्यांच्या बायका नव्हेत, साध्या. शेतावर राबणाऱ्या, गिरणीत सूत कातणाऱ्या, धुणं धुणाऱ्या, शाळा चालवणाऱ्या. आणि हे सगळं सोलापुरात बसून. बाईंची लांबात लांब मजल म्हणजे पुणे, आणि तिथूनही त्या पाणी बाधलं म्हणून लगेच परतल्या होत्या. स्टाफरूममध्ये लोक याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे. ते बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शेळ्या हाकल्या जातायत ना? मग उंटाला का नावं ठेवता?"

या विषयाचं खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, हे त्या कुणी न विचारताही सांगायच्या. एक अमेरिकन संशोधक सोलापूरच्या विणकर बायकांचा अभ्यास करायला आला होता. विश्रामगृहात उतरला, उन्हाने हैराण झाला, कलिंगडं खाल्ली आणि परत जाऊन त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं. बाईंनी ते मागवून वाचलं. "आमच्या पूर्व भागातल्या विणकर बायका त्यात मला ओळखूच येईनात," त्या म्हणायच्या. "पण छापलंय म्हटल्यावर खरंच असणार. मग मी ठरवलं, त्यांनी आमचं लिहिलं, आता त्यांचं कुणीतरी लिहायला पाहिजे की. बिचाऱ्या तशाच राहायच्या नाही तर."

कागद त्यांनी घरबसल्या जमवले. निळ्या हवाई पत्रांवर त्या अमेरिकेतल्या ग्रंथालयांना, शाळांना, गावोगावच्या महिला मंडळांना लिहायच्या. अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी दटावणीचं. ‘आपल्या गावातल्या जुन्या बायकांचे कागद आपल्याकडे असतीलच. नसल्यास का नाहीत ते कळवावे.’ इतक्या लांबून कुणी दटावलं की माणूस बहुधा घाबरतो, कारण कागद यायचे. टाइप केलेल्या नकला, छायाप्रती, जुनी मासिकं, कुणाच्या तरी पणजीची उतरवून काढलेली रोजनिशी. आमच्या पोस्टमनने एकदा मला हळूच विचारलं, "सायेब, बाईंचं सासर अमेरिकेत हाय का वो?"

हे कागद ग्रंथालयामागच्या खोलीत राहायचे आणि तिथंच आमची जुंपायची. बाई कागद फायलीत ठेवत नसत, चादरीत बांधत. त्यांच्या भावाचा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चादरींचा कारखाना होता. विणताना बिघडलेली चादर दुकानात जात नाही, सेकंड म्हणून बाजूला पडते. ती बाई उचलून आणायच्या आणि तिच्यात कागदांचं गाठोडं बांधायच्या. एका चादरीतल्या मोराला एकच पाय होता. एकीचा काठ मध्येच संपला होता. एकीवरचे सगळे हत्ती डावीकडे चाललेले आणि एकच शहाणा उजवीकडे. एकीत तर लाल सूत संपल्यावर कारागिराने सरळ जांभळं लावलं होतं. कुठल्या चादरीत कुठल्या बायका, ते बाईंच्या डोक्यात. वर चिठ्ठी नाही, कुठं यादी नाही.

"यादी करा हो बाई," मी कळवळून म्हणायचो.

"यादी केली की माणूस कागद वाचायचं सोडतो. यादीच वाचत बसतो," बाई म्हणायच्या. "तुमच्या ग्रंथालयाचं तेच झालंय."

मी त्या दिवसापुरता त्यांच्याशी बोलणं टाकायचो.

आणि कागदांची वाटणी तरी कशी? सालाप्रमाणे नाही, गावाप्रमाणे नाही. एकपायी मोरात विधवा. अर्ध्या काठाच्या चादरीत रागाने काम सोडून गेलेल्या. उलट्या हत्तीत पुरुषाच्या नावाने लिहिणाऱ्या. आणि लाल-जांभळीत माहेरी परत आलेल्या. या शेवटच्या गाठोड्यावरून मी त्यांना फार छळायचो. अमेरिकेत कुठलं आलंय माहेर?

"बाप असतो ना तिकडं? बापाचं घर असतं ना?" बाई म्हणायच्या. "मग नवऱ्याचं घर सोडलेली बाई जाणार कुठं, रस्त्यावर? माहेर आहे हो त्यांना. फक्त त्यांच्या इतिहासवाल्यांना ते दिसलेलं नाही. ते म्हणतात, ही शेतकरीण, ही वकिलाची मुलगी, ही धुणं धुणारी काळी बाई, ही मास्तरीण. चौघींना चार कपाटांत ठेवतात. मी म्हणते, चौघीजणी एके दिवशी ट्रंक घेऊन बापाच्या दारात उभ्या राहिल्या. दार कुणी उघडलं, ताटात काय वाढलं, भावजय काय बोलली, ते लिहा की."

बाई स्वतः माहेरीच राहत होत्या. अक्कलकोटकडच्या एका व्यापारी घरात त्यांचं लग्न झालं होतं आणि वर्षाच्या आत त्या परत आल्या होत्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. भावाच्या घरात वरची एक खोली त्यांची होती. भावजय वाईट नव्हती, पण जेवायला हाक मारताना ती नेहमी आधी नवऱ्याला आणि मुलांना मारायची, आणि बाई त्यानंतरच खाली उतरायच्या. मला बाईंविषयी माया वाटायची, हे सांगून टाकतो. रोज भांडायचो म्हणून काय झालं?

लिहिलेलं प्रत्येक पान त्या आधी तपासून घ्यायच्या. घरी कडक भाकरी करायला मल्लव्वा नावाची बाई यायची. तिच्यासमोर पाट टाकून बाई अमेरिकेतल्या शेतकरणीची रोजनिशी मराठीत, अडलं तर कानडीत, वाचून दाखवायच्या. ‘आज नवरा शेतातून आला. जेवला. एक शब्द बोलला नाही.’ मल्लव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात लिवायचं काय, बाई? आमचाबी बोलत न्हाई. बोलला आस्ता तर लिवायचं की." बाईंनी समासात लगेच नोंद केली, ‘मल्लव्वाच्या मते ही घटना किरकोळ.’ ती नोंद प्रबंधात तशीच्या तशी गेली.

होय, प्रबंध. या सगळ्याचा एक प्रबंध झाला होता आणि तो विद्यापीठात पडून होता. विद्यापीठाचं म्हणणं, हा विषय तपासायला आमच्याकडे कुणी नाही आणि सोलापुरात अमेरिकेचे पुरावे कुठून येणार? पुष्कळ पत्रापत्रीनंतर ते एवढ्यावर आले की एखाद्या मान्यवर तज्ज्ञाने कागद प्रत्यक्ष पाहून अनुकूल मत दिलं तर विचार करू. इकडे आमच्या प्राचार्यांना ती मागची खोली टेबल टेनिससाठी हवी होती. टेबल येऊन व्हरांड्यात पडलं होतं, त्यावर शिपाई जेवायचे. बाईंची निवृत्ती जवळ आलेली. मत अनुकूल आलं तर प्रबंध तरणार होता आणि खोलीही राहणार होती. नाही आलं तर प्रबंध परत, खोलीत टेबल आणि कागद रद्दीत. बाईंचं आयुष्य त्या एका मतावर टांगलेलं होतं.

महिला वर्षाचे दिवस होते. बायकांच्या इतिहासात एकाएकी सगळ्यांना गोडी वाटायला लागली होती. अशात एक अमेरिकन प्राध्यापिका भारतात येणार असं बाईंना कळलं. तिकडच्या बायकांच्या इतिहासात तिचा शब्द शेवटचा मानत. बाईंनी तिला दटावून पत्र लिहिलं आणि ती मुंबईहून हैदराबादला जाताना मध्ये सोलापूरला उतरायला तयार झाली.

ती आली ती ऐन एप्रिलात. एकटी यायची होती, पण बरोबर नवरा आला. तो कोंबड्यांच्या रोगांचा तज्ज्ञ होता. शिवाय अमेरिकन सरकारच्या मुंबईच्या कचेरीतले एक गोरे साहेब आले. इथं घोटाळा झाला. सोलापुरात पाहुणा चादरीशिवाय परत जात नाही. आमच्याकडे सत्कार म्हणजे हार, नारळ आणि अंगावर चादर, मग बाहेर ऊन का भाजेना. प्राचार्यांनी मडमेपुरती एक चांगली चादर आणून ठेवली होती. आता आणखी दोन पाहुणे. पाहुण्यांना घातली तर संस्थेच्या अध्यक्षांना घालायला हवीच, आणि अध्यक्षांना घातली की प्राचार्यांनाही कुणीतरी घालतंच, अशी त्यांनीच वहिवाट पाडलेली. नेमकी त्या दिवशी बाजारपेठ बंद होती. प्राचार्यांनी शिवाप्पा शिपायाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "कुठूनही आण, पण लगेच चादरी आण."

मी हॉलमध्ये पहिल्या रांगेत होतो. मडमेला चादर घातली, टाळ्या झाल्या. मुंबईच्या साहेबांना घातली, तिचा काठ मध्येच संपलेला दिसला. मला वाटलं, उन्हाने भास होतोय. मग कोंबडीतज्ज्ञाच्या पाठीवर एक हत्ती उजवीकडे निघालेला दिसला. अध्यक्ष नमस्कार करायला वळले आणि त्यांच्या पाठीवर एका पायावर मोर. शेवटी प्राचार्यांनी लाजत लाजत लाल-जांभळी घेतली. व्यासपीठाच्या टोकाला बाई बसल्या होत्या. त्यांच्या हातातला हार खाली पडला आणि त्यांना ते कळलंही नाही.

मी मागच्या खोलीत धावलो. शिवाप्पा दारात कौतुकाच्या अपेक्षेने उभा होता.

"कागद कुठं आहेत?"

"ह्ये काय की, सायेब. येकबी पडू दिला न्हाई." टेबलावर कागदांचा एकच एक उंच थर रचलेला होता, कडा जुळवून. "मोटं कागद खाली, बारकं वर. आदी कसं गबाळ दिसत हुतं. आता लई झ्याक दिसतंय का न्हाई?"

मी कपाळाला हात लावला. त्याच्यावर ओरडणारही कुठल्या तोंडाने? सांगणाऱ्याने चादरी आण म्हणून सांगितलं होतं, आणि चादरींत अमेरिका आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात सगळे आलेच. बाईंनी तो थर पाहिला आणि त्या खुर्चीत बसल्या. त्या खोलीत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. चेहरा पांढराफटक. मडमेने थराकडे पाहून गोड आवाजात विचारलं, "आणि यांची मांडणी?"

"मांडणी चालू आहे," प्राचार्य घाईघाईने म्हणाले.

मला राहवलं नाही. "मांडणी तुमच्या नवऱ्याच्या खांद्यावर आहे, मॅडम," मी म्हणालो, आणि होतं ते सगळं सांगून टाकलं. मडम आधी हसली, मग तिचं हसू गेलं. ती नवऱ्याच्या अंगावरची चादर उतरवायला लागली, तसे प्राचार्य ओरडले, "अहो, सत्काराची चादर अशी उतरवायची नसते! पाहुण्यांचा अपमान होतो!"

बाई उठल्या. "उतरवू नका," त्या म्हणाल्या. "खाली बसा सगळे. मांडी घालून."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण बसले. अध्यक्ष, साहेब, कोंबडीतज्ज्ञ आणि प्राचार्य एका ओळीत, अंगावर चादरी, वर पंखा गरम वारा टाकतोय. बाई थरावरचा एकेक कागद उचलायच्या, अर्धी ओळ वाचायच्या आणि म्हणायच्या, "मोर." मी तो अध्यक्षांच्या मांडीवर ठेवायचो. "हत्ती." कोंबडीतज्ज्ञाच्या. "काठ." साहेबांच्या. साहेबांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, पण रागाने काम सोडून गेलेल्या शंभर बायका मांडीवर असल्यामुळे त्यांना उठून जाता येईना. दुपार कलली. हैदराबादची गाडी गेली. अध्यक्षांना भूक लागली आणि ते चुळबुळ करू लागले.

"अध्यक्ष, हलू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं विधवा आहेत."

अध्यक्षांनी दचकून दाराकडे पाहिलं. सौभाग्यवती आसपास नाहीत अशी खात्री झाली तेव्हा ते पुन्हा स्थिर बसले. सगळ्यांत मोठा ढीग प्राचार्यांच्या मांडीवर चढत होता. त्यांचे पाय बधिर झाले होते. "बाई, जरा पाय लांब करू का?" त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"लेकी आल्यात, सर," बाई म्हणाल्या. "इतक्यात कंटाळलात?"

मडम प्राचार्यांच्या समोर जमिनीवर बसली आणि त्यांच्या मांडीवरचे कागद एकामागून एक वाचू लागली. बराच वेळ वाचत राहिली. मग तिने विचारलं, शेतकरीण आणि वकिलाची मुलगी, धुणं धुणारी आणि मास्तरीण, या सगळ्या एकत्र का? बाईंनी तिला माहेर समजावून सांगितलं. ट्रंक, दार, ताट, भावजय, सगळं. मडमेने वही काढली आणि लिहून घेऊ लागली. ती म्हणाली, यांचे मूळ कागद आमच्याकडे वेगवेगळ्या गावांत पडलेत. कुणी त्यांना एकमेकींशेजारी ठेवून पाहिलेलं नाही, मीही नाही. हे ऐकताना बाईंचा चेहरा जो फुलला, तसा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्यांनी स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी मडमेला बांधून दिली. चादरी घेऊन पाहुणे रात्रीच्या गाडीने गेले. भावाच्या कारखान्यातून दुसऱ्या बिघडलेल्या चादरी आल्या आणि बाईंनी गाठोडी पुन्हा बांधली.

मडमेचं मत आलं. कागद फार महत्त्वाचे आहेत, सविस्तर सूचना पाठवते, तोवर निर्णय थांबवावा, असं त्यात होतं. विद्यापीठाला थांबायला सांगणं म्हणजे म्हशीला डबक्यात बस म्हणण्यासारखं. ते थांबलं. दोन वर्षं गेली. सूचना आल्या नाहीत, पुस्तक आलं. मी त्याची जाहिरात पाहिली आणि ग्रंथालयासाठी मागवलं. अमेरिकेतल्या परत आलेल्या लेकींचा इतिहास. पहिल्या प्रकरणात शेतकरीण, दुसऱ्यात वकिलाची मुलगी, तिसऱ्यात धुणं धुणारी, चौथ्यात मास्तरीण. ट्रंक होती, दार होतं, ताट होतं, भावजयसुद्धा होती. लाल-जांभळी चादर उलगडून छापावी तसं सगळं. बाईंचं नाव मी पुढून शोधलं, मागून शोधलं. प्रस्तावनेच्या शेवटी भारतातल्या एका लहान शहराने केलेल्या उबदार स्वागताबद्दल आभार मानले होते.

त्यानंतर विद्यापीठाने चपळाई दाखवली. ‘सदर विषयावर नुकताच एका मान्यवर विदुषीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला असल्याने प्रबंधात नावीन्य उरलेले नाही,’ असं कळवून प्रबंध परत पाठवला. प्राचार्य हळहळले. "तरी मी म्हणत होतो, बाई, तुम्ही वेळेवर यादी करायला हवी होती," असं म्हणाले आणि खोली कधी रिकामी होईल ते विचारून गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मडमेला लिहितो, विद्यापीठाला लिहितो, वर्तमानपत्रात देतो, असं मी बाईंसमोर तणतणत होतो. बाई चिडल्या की कानडीवर जायच्या. "बिडरी!" त्या म्हणाल्या, म्हणजे सोडा. "काय लिहिणार तुम्ही? आमचं माहेर चोरलं म्हणून?" आणि त्यांचा आवाज फुटला. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो, कारण त्यांना रडताना पाहिलं असतं तर त्यांनी मला क्षमा केली नसती.

निवृत्तीच्या दिवशी सत्कार घ्यायला त्यांनी नकार दिला. हातगाडी आणून गाठोडी शिवाप्पाकडून चढवून घेतली आणि मग त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. एका हातात कोरी, न बिघडलेली, दुकानातून विकत घेतलेली चादर होती. दुसरा हात पुढे होता.

"ते पुस्तक द्या."

"बाई, ते कॉलेजचं आहे. शिक्का बसलाय त्यावर."

"पुस्तक कशाला म्हणता? कागद म्हणा," बाई म्हणाल्या. "अमेरिकेतल्या बाईनं लिहिलेला कागद आहे. इतक्या बायका गोळा केल्या, हिलाच का वगळायची? हीसुद्धा इतिहासातच जाणार की."

मी पुस्तक दिलं. रजिस्टरात गहाळ म्हणून लिहिलं आणि त्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही. बाईंनी टेबलावर चादर पसरली, मधोमध पुस्तक ठेवलं आणि चारही टोकं धरून गाठ मारली.

"हे कुठलं गाठोडं?" मी विचारलं.

"पाहुण्या."

"एकाच पुस्तकाचं गाठोडं बांधता, बाई?"

बाईंनी गाठ ओढून घट्ट केली आणि गाठोडं काखेत मारलं.

"येतील की अजून," त्या म्हणाल्या.